स्पितीच्या चुनखडीत प्रवाळ आणि स्पंज कसे ओळखायचे

पहिल्या खेपेला मी हिमाचलातल्या स्पितीतला जीवाश्म प्रवाळ चक्क ओलांडून गेलो. नजर नाशिकच्या काळ्या दगडावर पोसलेली! आपल्याकडे दगडात पांढरी चांदणी दिसली की ती बेसाल्टच्या पोकळीत सुयांसारखं वाढलेलं स्कोलेसाइट, म्हणजे झिओलाइट गटातलं एक खनिज. इथेही तसंच काहीतरी, म्हणून पुढे निघालो. संध्याकाळी काझ्यात चहा पिताना ट्यूब पेटली: चुनखडीत स्कोलेसाइट कुठून येणार?

तर आधी दगड ओळखा. लांगझा गावाला सगळे अमोनाइट (गुंडाळीच्या शिंपल्यांचे जीवाश्म) बघायला थांबतात, पण ते ज्यात मिळतात ते काळे शेल, म्हणजे चिखलाचे थरदार खडक, ज्युरासिक काळातले, म्हणजे नंतरचे. तुम्हाला हवी ती करडी चुनखडी, ट्रायासिकच्या उत्तरार्धातली, साधारण २१-२२ कोटी वर्षांपूर्वीची. जुन्या नोंदींत त्या थराचं नावच ‘कोरल लाइमस्टोन’ आहे, आता हांगरांग फॉर्मेशन म्हणतात. कडे चढू नका, ओढ्यांनी खाली आणलेले धोंडे पुरतात. शंका वाटली तर कोऱ्या बाजूला चाकूने जराशी पूड खरवडा आणि व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी.

मग पाणी. कोरड्या धोंड्यावर ढिम्म काही दिसत नाही. बाटलीतलं घोटभर पाणी ओता आणि ऊन तिरपं असताना पाहा. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. १० पट भिंग डोळ्याला चिकटवा आणि तोंड दगडाजवळ न्या. नवखे भिंग दगडावर धरून लांबून बघतात, त्यांना फक्त धूसर डाग दिसतो.

प्रवाळ म्हणजे आडवं कापलेलं लिंबू. बाहेर स्वतःची कड, आत मध्याकडे धावणारे पडदे, दोन लांब पडद्यांमध्ये एखादा आखूड. शेजारी तशाच मापाची आणखी लिंबं. झिओलाइटच्या चांदणीला अशी कड नसते, सुया पोकळीच्या भिंतीवरून फुटतात. या प्रवाळांचे पडदे सहाच्या हिशेबात वाढतात, पण मोजायचा हट्ट नको. मूळचा सांगाडा अॅरागोनाइट या खनिजाचा, काळाच्या ओघात त्याचं कॅल्साइट हे दुसरं खनिज होताना बरंच पुसलं जातं.

स्पंजात पडदे शोधूच नका. तिथे ढोकळ्याच्या कापासारखी भोकं दिसतात, किंवा एकावर एक रचलेल्या वाट्यांसारखे कप्पे आणि काहींत मधून गेलेली नळी.

दोन्ही एकाच धोंड्यात मिळाले तर जरा टेका. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात लाव्हा ओसंडला, समुद्र तापले, आम्लही झाले, प्राणवायू घटला आणि समुद्रातल्या जीवांचा मोठा संहार झाला. चारच्या हिशेबात पडदे घालणारे जुने रुगोझ प्रवाळ कायमचे संपले. स्पंज मात्र चिवट. अमेरिकेत युटामध्ये त्या संहारानंतर सुमारे १५ लाख वर्षांतच सूक्ष्मजीवांच्या जोडीने त्यांनी छोटे रीफ, म्हणजे समुद्रतळावरचे जिवंत बांध, उभारले होते. प्रवाळ पुढची कित्येक लाख वर्षं खडकातून गायब, आणि मध्य ट्रायासिकमध्ये अचानक हजर, तेही एकदम अनेक तऱ्हांचे. मधल्या काळात होते कुठे? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भूमध्य समुद्रातले प्रवाळ आम्लधर्मी पाण्यात ठेवले, तर सांगाडा विरघळला, पण मऊ जीव जगला. साध्या पाण्यात परत आणल्यावर त्यांनी सांगाडा पुन्हा बांधला. ट्रायासिकच्या सुरुवातीला असेच उघडे राहिले असतील, तर जीवाश्म मिळणार कुठून! मला हे स्पष्टीकरण पटतं.

फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, मोबाइलवर जागा नोंदवा. धोंडा उलटा केला असेल तर पुन्हा त्याच कुशीवर ठेवा. फोडू नका, पिशवीत घालू नका.

दुसऱ्या खेपेला मी तो ओलांडलेला धोंडा शोधायला गेलो. अख्खी सकाळ घालवली. ओढ्याने पात्र बदललं होतं.