फोटो एडिटिंगसाठी मशीन जोडताय? निदान या चुका तरी टाळा

"भाऊ, आय-सेव्हन टाकला, तरी फोटोशॉप अटकून राहिलं."

तुळशीचं लग्न लागलं की हा फोन सुरू होतो आणि मे संपेपर्यंत थांबत नाही. मी नागपूरच्या महाल भागात लग्नाच्या अल्बमचं डिझायनिंग करतो आणि ओळखीच्यांची मशीनं जोडून देतो. फोनवर मी एकच विचारतो: अटकतं तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहिलं का? पलीकडे शांतता. मग, "ते जाऊ द्या ना, ग्राफिक कार्ड कोणतं टाकू ते सांगा."

कुठे अडतंय ते न पाहता दुकानात जाणं, ही पहिली चूक. बाकीच्या अर्ध्या हिच्याच पोटात आहेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्सवर जा आणि ज्या कामाला मशीन रडतं तेच काम करा. मेमरी नव्वदच्या वर आणि डिस्क शंभरावर असेल, तर रॅम कमी पडतेय. मेमरी अर्धी रिकामी आणि तरी डिस्क शंभरावर, म्हणजे तुमचे फोटो अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पडलेत. हे दोन्ही शांत असून प्रोसेसर एकटाच धापा टाकत असेल, तरच प्रोसेसरचा विषय काढा. फोटोशॉपमध्ये तर सोपं आहे. खालच्या पट्टीतल्या बाणावर क्लिक करून 'एफिशिएन्सी' निवडा. आकडा शंभराच्या खाली घसरला की समजायचं, रॅम संपली आणि फोटोशॉप डिस्कवर लिहायला लागलं. पाच मिनिटांचं काम आहे. पण पाच मिनिटं कोणाकडे नसतात आणि चाळीस हजार मात्र असतात.

आय-सेव्हन हे आता आडनाव झालंय, त्यावरून माणूस कळत नाही. पिढी विचारा. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन बाराव्या पिढीच्या आय-थ्रीसमोर टिकत नाही. शिवाय एखाद-दुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल विंडोज ११ च्या अधिकृत यादीतच नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. "ऑफिसमधून निघालेलं, एकदम कडक पीस" असं कोणी म्हणालं की आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागायचा.

रॅमचं गणित मी पोरांना अल्बमच्या शीटवरूनच समजावतो. आपलं नेहमीचं १२ बाय ३६ इंचाचं शीट ३०० डीपीआयला १०,८०० गुणिले ३,६०० पिक्सेल होतं, म्हणजे ३.९ कोटींच्या जवळ. साध्या ८ बिटमध्ये पूर्ण भरलेला एक लेयर ११७ एमबीच्या आसपास जातो. त्यावर बॅकग्राउंड, मास्क, नऊ फोटो, फुलांच्या पीएनजी, वर हिस्ट्री. शेजारी लाइटरूम उघडं, क्रोममध्ये बारा टॅब आणि गाणी चालूच. १६ जीबी कुठून पुरेल? ३२ घ्या, आणि १६ च्या दोन घ्या, एकच ३२ ची नको. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते पाहा. मग बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं पळवणारी सेटिंग, चालू करा. हे न करता ६००० ची डीडीआर-फाइव्ह रॅम वर्षभर ४८०० वर पळवणारे लोक मी पाहिलेत.

ग्राफिक कार्डाबद्दल माझं मत ऐकून दुकानदार नाराज होतात. शीट डिझायनिंगला मोठं कार्ड लागत नाही. पण एप्रिल २०२३ पासून लाइटरूममध्ये फोटोतले दाणे घालवणारं एआय डिनॉइज आलंय, ते मात्र सगळं कार्डाच्या जिवावर चालतं. मंगल कार्यालयातल्या अंधाऱ्या मांडवात वाढवलेल्या आयएसओवर काढलेले पाचशे फोटो रोज त्यातून काढत असाल, तर ८ जीबीचं कार्ड घ्या. नसाल, तर ते पैसे मॉनिटरवर घाला. आणि हो, मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. हसू नका.

मे महिन्यातला खास नागपुरी गुन्हा

२३ मे २०१३ ला आपल्या शहराचा पारा ४७.९ वर गेला होता. तेवढा दरवर्षी जात नाही, पण नवतपा लागला की वरच्या मजल्यावरची खोली चाळिशी गाठतेच. कॅबिनेटचे पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात. खोली दहा अंशांनी तापली की आतला प्रोसेसरही साधारण तेवढाच चढतो. डिसेंबरात ७५ वर चालणारं मशीन मेमध्ये ९०-९५ ला टेकतं आणि स्वतःचा जीव वाचवायला वेग कमी करतं. मालक म्हणतो, मशीन जुनं झालं.

मग तो डोकं चालवतो. कॅबिनेटची बाजूची प्लेट काढतो आणि मशीन कूलरच्या समोर मांडतो.

दोनेक वर्षांमागे मानेवाड्याकडचा एक स्टुडिओवाला असं मशीन घेऊन आला. कधी चालू होतं, कधी नुसते पंखे फिरतात, स्क्रीन काळी. त्यानं आधी नवी रॅम घेतली होती, मग नवं ग्राफिक कार्ड, मग कोणीतरी सांगितलं म्हणून बोर्डवरचा बटणसेल. मी टॉर्च लावून आत पाहिलं, तर हीटसिंकच्या पात्यांवर पांढरी पुटं. जून उजाडेपर्यंत कूलरच्या ताट्यांवर चढतात ना, अगदी तशी. नखानं खरवडलं तर भुगा पडला. रॅम काढली, तिच्या सोनेरी दातांवर हिरवट डाग. ती रॅम तीन आठवड्यांपूर्वीची!

"कूलर कुठे आहे?"

"समोरच. मशीनले हवा तर लागली पाहिजे ना, भाऊ."

"पाणी कोणतं?"

"बोअरचं."

कूलरच्या झोताबरोबर बारीक तुषार उडतात. पाणी वाळून जातं, क्षार मागे राहतात. त्यावर धूळ बसते, ओल धरून ठेवते आणि कॉन्टॅक्ट खायला लागते. दोन संध्याकाळी गेल्या. रॅमचे दात शाळेतल्या खोडरबरनं घासले, बोर्ड मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतला, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली. मशीन उठलं. एक रॅम स्लॉट मात्र कायमचा गेला. आणि त्याचं जुनं ग्राफिक कार्ड? ठणठणीत होतं, त्यानं ते आधीच अर्ध्या किमतीत विकून टाकलं होतं.

कूलर लावूच नका असं मी म्हणत नाही, लावल्याशिवाय मी स्वतः बसू शकत नाही. माझ्याकडे कूलर खिडकीत आहे आणि समोरचं दार अर्धं उघडं, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. मशीन झोताच्या रेषेबाहेर, जमिनीपासून फूटभर वर, प्लेटा बंद. समोर जाळीचं तोंड, दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. तोंडाला सबंध काच असलेलं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त मेमध्ये त्यांचे फोन उचलत नाही.

साफसफाई वर्षातून दोनदा: एकदा अक्षय्य तृतीयेच्या आधी आणि एकदा मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर मिरवणूक निघते तेव्हा मी वर ब्लोअर घेऊन बसलेला असतो. धूळ-जाळं घेऊन जा गे मारबत! ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, मोकळं भिरभिरू दिलं की बेअरिंग खराब होतं.

झिणझिण्या

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला तर मिणमिणतो. हे "सगळ्यांकडेच होते" म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायच्या, आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारा करंट अर्थिंगमध्ये जायला हवा, अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या अंगावर मेनच्या निम्मा व्होल्टेज उभा राहतो. त्या अंगाला तुम्ही एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडता, जिच्यात कोणाच्या तरी लग्नाची एकुलती एक कॉपी असते. जुन्या वाड्यांत तिसरं भोक शोभेपुरतंच असतं. इलेक्ट्रिशियनकडून खड्डा करून खरी अर्थिंग करून घ्या. न्यूट्रलला जोडून मोकळा होणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, ते जिवावरचं काम आहे. खड्डा असला तरी उन्हाळ्यात आपली काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडते. मी मार्चपासून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओततो. बायको म्हणते, तुळशीला एवढं घातलं असतं तर...

हळद की चुना

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून हिच्यावर मी जास्त बोलतो.

चाळीस शीटचा अल्बम होता, हळदीपासून पाठवणीपर्यंत. अर्धं काम दिवसा केलं, उरलेलं घाईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. प्रिंट आली, पार्टी अल्बम घ्यायला आली. नवरीच्या आईनं तीन पानं उलटली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, आमच्या पोरीले हळद लावली होती, चुना नाही."

खरंच. नवरीच्या गालावरची हळद पांढुरकी, साडी निळसर, मागचा झेंडू आजारी. मी आधी लॅबवाल्यावर चढलो. त्यानं सगळी शीट टेबलावर पसरली आणि एवढंच म्हणाला, एकाच मशीनवर, एकाच दिवशी निघालीत, मग निम्मी बरोबर कशी? मी घरी येऊन फाइलींच्या वेळा पाहिल्या. दिवसा केलेली सगळी शीट बरोबर होती. संध्याकाळी सातनंतरची सगळी निळी.

विंडोजचं नाइट लाइट. भाच्यानं "मामा, डोळ्यांना चांगलं असते" म्हणून चालू करून दिलं होतं, सूर्यास्त ते सूर्योदय. दिवस मावळला की स्क्रीन हळूहळू पिवळी होणार, मला फोटो पिवळे दिसणार आणि मी प्रत्येक फोटोतून पिवळा काढत बसणार. वीस शीट पदरच्या पैशानं पुन्हा काढली.

म्हणून कोणाचंही मशीन हातात आलं की मी प्रोसेसर नंतर पाहतो. आधी नाइट लाइट बंद, मग मॉनिटरच्या मेन्यूतले व्हिव्हिड, गेम, आय-केअर, सगळं बंद, आणि एसआरजीबी मोड असेल तर तो. मग ब्राइटनेस. "स्क्रीनवर मस्त, प्रिंट काळी" ही तक्रार दहापैकी आठ वेळा ब्राइटनेसची असते. दुकानातून आलेला मॉनिटर शंभर टक्क्यांवर जळत असतो. एडिटिंगला तो १०० ते १२० निट्सच्या आसपास हवा, रंग ६५०० केल्विन, गॅमा २.२. हे डोळ्यानं जमत नाही, त्याला कॅलिब्रेटर लागतो. महाग वाटतो, म्हणून आम्ही तिघांनी मिळून एक घेतला आणि महिन्यातून एकदा तो तीन घरं फिरतो. तोही नको असेल तर लॅबमधून आलेली एक चांगली प्रिंट मॉनिटरशेजारी पांढऱ्या दिव्याखाली धरा आणि स्क्रीन तिच्याइतकी उतरवा. सुरुवातीला स्क्रीन मेल्यासारखी वाटेल. चार दिवस सोसा.

मॉनिटर घेताना खोक्यावरचा इंच सोडून पॅनल वाचा. आयपीएस हवा, एसआरजीबी ९९ ते १०० टक्के हवा. "४५% एनटीएससी" लिहिलं असेल तर तो एसआरजीबीचे साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवतो, म्हणजे कुंकू आणि शेंदूर यांतला फरक तुम्हाला दिसणारच नाही. आणि ज्या खोलीत रंग पाहायचे तिला पोपटी डिस्टेंपर देऊ नका. राखाडी द्या. घरचे बोलतील.

बाकीच्या, पटापट

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस वापरू नका. तो मरतो तेव्हा एकटा मरत नाही.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्याच्यावर गेले की लाइट जाताक्षणी सगळं बंद, आणि तुम्ही कंपनीला शिव्या देणार.

लाइटरूमचा कॅटलॉग आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क एनव्हीएमईवर, म्हणजे वेगवान एसएसडीवर, ठेवा. जुनी कामं हार्ड डिस्कवर. हार्ड डिस्क दोन ठिकाणी, त्यातली एक दुसऱ्या घरात. रेड, म्हणजे दोन डिस्कांवर एकदम तेच लिहिणारी जोडणी, लावली म्हणजे बॅकअप झाला असं म्हणणाऱ्यानं चुकून फोल्डर डिलीट करून पाहावा.

कार्ड रीडर जुन्या यूएसबी-टू पोर्टला लावला तर ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरायला अर्धा तास लागतो. त्यासाठी नवीन मशीन लागत नाही, शेजारचं भोक लागतं.

नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक नसतं. ऐन सीझनमध्ये कार्ड गेलं की स्क्रीनही गेली.

प्रोसेसरवर कूलर बसवताना खालचं पारदर्शक प्लास्टिक काढा. हो, अजूनही.

रॅम साफ करणारी, मशीन "बूस्ट" करणारी सॉफ्टवेअर आणि क्रॅक फोटोशॉप असलेल्या मशीनला मी हात लावत नाही. आधी फॉरमॅट, मग बोलू.

आणि नवीन मशीन जोडलं, बटण दाबलं, काहीच झालं नाही, तर लगेच मदरबोर्ड उडाला असं समजू नका. प्रोसेसरच्या पॉवरची आठ पिनची वायर वरच्या डाव्या कोपऱ्यात राहून गेली असेल. रॅम एका बाजूनं नीट बसली नसेल. मागच्या एप्रिलमध्ये दोघं जण कामठीहून भर दुपारी स्कूटरवर, कॅबिनेट मध्ये धरून, त्यावर ओला टॉवेल टाकून माझ्याकडे आले. मी मशीन फिरवलं, एसएमपीएसच्या मागचं काळं बटण दाबलं आणि पंखा फिरला. दोघंही बराच वेळ एकमेकांकडे पाहत नव्हते. मग त्यांनीच चहा सांगितला.