हलगीचं टोक, कैताळाचा निनाद: मिक्सिंग शिकणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

हलगी-ताशाची गाणी मिक्स करायला बसलेल्या नव्या मुलांचा हात आधी इक्वलायझरकडे, म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाकडे जातो. हलगी टोचतेय, कापा पाच किलोहर्ट्झ. हलगी मागं गेली, तेच पुन्हा वाढवा. तासभर असं चालतं आणि हलगी काही गाण्यात बसत नाही. बहुतेक वेळा तिथं अडचण वेळेची असते. थापेचं पहिलं टोक, म्हणजे ट्रान्झियंट, केवढं आहे आणि मागचा घुमारा किती रेंगाळतो, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकायला आणि वेगवेगळ्या हाताळायला शिका. माझ्याकडं शिकायला येणाऱ्यांना मी हेच पहिल्यांदा करायला लावतो.

कोल्हापुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. जोतिबाचं गाणं असो वा गणपतीचं, हलगी-घुमकं-कैताळ आलंच. घुमकं हे घुमणारं चर्मवाद्य, कैताळ म्हणजे धातूच्या झांजा. हलगीवर काडी पडली की वेव्हफॉर्म एक-दोन मिलिसेकंदांत उभी चढते आणि तशीच उतरते. घुमक्याचं टोक बोथट, गुंज लांब. कैताळाचं टोक जवळजवळ हलगीइतकंच धारदार असतं, पण निनाद वरच्या पट्टीत पसरून बराच वेळ राहतो. हलगी आणि कैताळ एकाच मात्रेवर आले की टोकावर टोक चढतं. मग ना काडी कळते ना धातू, कानाला नुसता चटका बसतो.

इथं माझं मत ठाम आहे. टोक हलगीचं, निनाद कैताळाचा. ट्रान्झियंट शेपरनं, म्हणजे टोक आणि घुमारा वेगवेगळा कमी-जास्त करणाऱ्या साधनानं, कैताळाचा अटॅक (इथं अटॅक म्हणजे टोक) तीन-चार डेसिबल खाली घ्या आणि फेडरला, म्हणजे ट्रॅकचा एकूण आवाज ठरवणाऱ्या सरकपट्टीला, हात लावू नका. हलगी न वाढवताच पुढं येते.

मोठा आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरनंही टोक घडवता येतं, पण अटॅक (इथं दाबायला लागणारा वेळ) आणि रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) हिशेबानं लावायला हवेत. हलगीवर अटॅक १ मिलिसेकंद ठेवलात तर टोक उठायच्या आतच दाबलं जातं आणि हलगी पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखी वाजते. २० ते ३० मिलिसेकंद ठेवा. टोक सुटून जातं, मागचा भाग आवरला जातो, काडी स्पष्ट होते. रिलीजचा हिशेब तर कागदावर मांडा. लय मिनिटाला १५० असेल तर एक मात्रा ४०० मिलिसेकंदांची, तिचा चौथा हिस्सा १००. हलगीचे बोल त्या चौथ्या हिश्श्यावर पडत असतील आणि रिलीज २०० असेल, तर दुसरा बोल येईपर्यंत कॉम्प्रेसर सुटलेलाच नसतो. पहिली थाप टणक, पुढच्या मलूल. वादकानं जीव ओतून वाजवलेलं असतं आणि आपण ते सपाट करतो. मला हे फार लागतं.

शेपरचं काम वेगळं आहे. एसपीएल या जर्मन कंपनीनं १९९८ मध्ये ट्रान्झियंट डिझायनर आणला, त्याला थ्रेशोल्डच नव्हता, म्हणजे ज्या पातळीवर काम सुरू व्हायचं ती मर्यादाच नव्हती. आवाजाच्या चढउताराचा वेगानं आणि संथपणे माग काढून त्यांतला फरक वापरायचा, ही त्यातली युक्ती. त्यामुळं जोरकस आणि हलकी थाप दोन्हींना सारखीच वागणूक मिळते. हलगीत बारीक काडीचे हलके बोल ठेका भरत असतात, म्हणून तिथं मी कॉम्प्रेसरआधी शेपर उघडतो. मात्र सस्टेन, म्हणजे मागचा घुमारा, जपून वाढवा. हलगीच्या माइकमध्ये शिरलेला कैताळाचा निनादही सोबत वर येतो.

कैताळावर किंवा ड्रमसेटच्या ओव्हरहेडवर (वरून लावलेल्या माइकांच्या ट्रॅकवर) कॉम्प्रेशन आणि वेगवान रिलीज एकत्र आले की थापेमागून निनाद भस्सकन उसळतो. झांजांवर मी शक्यतो कॉम्प्रेसर लावतच नाही.

काही घडवायच्या आधी माइकांची अंतरं तपासा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागं सुमारे ३ मिलिसेकंद. दोन मीटरवरच्या माइकमध्ये तीच थाप ६ मिलिसेकंद उशिरा पोचते. एका थापेची दोन टोकं झाली की शेपर कितीही फिरवा, आवाज पसरटच राहतो. दूरचा ट्रॅक झूम करून थोडा मागंपुढं सरकवा, पोलॅरिटी (वेव्हफॉर्मची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, जे भरीव वाटेल ते ठेवा.

आणि कान तयार करायला घराबाहेर पडा. गणपतीआधी पेठांत वादनाच्या तालमी सुरू होतात, खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्तीला हलगी असते. वादकापासून हातभर अंतरावर उभं राहून ऐका, मग पन्नास पावलं मागं जाऊन ऐका. लांबून टोक कसं मऊ होतं हे एकदा कानात बसलं की गाण्यात वाद्य जवळ ठेवायचं की लांब, हे नॉबवर ठरवता येतं.

प्रत्येक बदल चालू-बंद करून ऐकताना दोन्हीकडं आवाजाची पातळी सारखी करा, मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. सगळ्या तालवाद्यांच्या बसवर (त्यांचे ट्रॅक जिथं एकत्र येतात त्या चॅनेलवर) सॉफ्ट क्लिपरनं, म्हणजे टोकं हळुवार छाटणाऱ्या साधनानं, वरची दोनेक डेसिबल टोकं छाटा. ते सहसा जाणवत नाही, पण पूर्ण गाण्याचा आवाज ठरावीक पातळीपुढं जाऊ न देणारा मास्टरचा लिमिटर प्रत्येक थापेला गायकाचा आवाज खाली ओढत नाही. मंडळाला ऐकायला पाठवायचं असेल तर वेव्ह फाइलची लिंक द्या. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत टोकाच्या आधीच बारीक खरखर उमटते, कैताळ चिखलल्यासारखा होतो, आणि मंडळी तुमच्या मिक्सलाच नावं ठेवतात.