लॅपटॉपची डिस्क रडतखडत चालते? या चुका टाळा

टास्क मॅनेजर उघडला आणि डिस्कच्या रकान्यात लाल रंगात १०० टक्के दिसले, की हात शिवशिवायला लागतात. मग डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फाइल्सचे तुकडे एकत्र लावणे) होतो, विंडोजच्या दोन-चार सेवा बंद होतात, एखादा 'क्लीनर'ही उतरवून घेतला जातो. पण हा आकडा डिस्कचा वेग सांगतच नाही. ती किती वेळ कामात अडकली आहे, एवढेच तो सांगतो. वेग पाहायचा तर 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा आणि खालचे दोन आकडे वाचा: वाचन-लेखनाचा वेग आणि 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम'. डिस्क १०० टक्के व्यग्र आहे आणि सेकंदाला शेकडो एमबी ये-जा होत आहे, तर डिस्क धडधाकट आहे, तिला कोणीतरी राबवतेय एवढेच. वेग जेमतेम १ एमबी आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद असेल, तर मात्र पुढे वाचा.

आत काय बसवले आहे हे न पाहताच उपाय करणे

लहान लॅपटॉपमध्ये तीनपैकी एक गोष्ट असते: फिरती हार्ड डिस्क, एसएसडी (फिरते भाग नसलेली, फ्लॅश मेमरीची ड्राइव्ह) किंवा मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली ईएमएमसी चिप. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडल्यावर हार्ड डिस्क आणि एसएसडी वेगळ्या ओळखता येतात, पण ईएमएमसीही तिथे एसएसडी म्हणून मिरवू शकते. क्षमता ३२ किंवा ६४ जीबी असेल तर ती बहुधा ईएमएमसीच. खात्रीसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कचे मॉडेल पाहा आणि ते लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनशी ताडून घ्या.

हा फरक किती मोठा आहे, हे एका हिशेबात कळते. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये अर्धी फेरी व्हायला साडेपाच मिलिसेकंद लागतात आणि हेड (डिस्कवरचे वाचणारे टोक) जागेवर पोचायला आणखी दहा-बारा. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या तुकड्यांची सेकंदाला साठेक वाचने होतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर वेग भरतो सुमारे २४० केबी. विंडोज सुरू होताना नेमकी अशीच हजारो छोटी वाचने होतात. त्यामुळे हार्ड डिस्क सुरुवातीची काही मिनिटे १०० टक्क्यांवर असेल, तर तो बिघाड नाही, तिचा वकूबच तेवढा. सेटिंग्जमध्ये कितीही खटपट केली तरी हेड वेगाने हलणार नाही. त्याला उपाय एकच, एसएसडी.

ईएमएमसीचे दुखणे वेगळे. ५.१ आवृत्तीत तिची वरची मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे, आणि एका वेळी ती वाचू तरी शकते किंवा लिहू तरी. पार्श्वभूमीवर अपडेट लिहिले जात असेल तर तुमच्या ब्राउझरचे वाचन रांगेत थांबते. 'ॲक्टिव्ह अवर्स' लावल्याने कामाच्या वेळात आपोआप होणारा रीस्टार्ट तेवढा टळतो, अपडेटचे लेखन त्याने थांबतेच असे नाही.

ड्राइव्ह काठोकाठ भरणे

एसएसडी आणि ईएमएमसी मंदावण्याचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण. फ्लॅश मेमरीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. लेखन छोट्या पानांत होते, पण पुसताना अनेक पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक संपले की कंट्रोलर आधी कामाची पाने उचलून दुसरीकडे नेतो, मग ब्लॉक पुसतो आणि मग तुमचे लिहितो. एका लेखनामागे अनेक लेखने होतात. शिवाय बऱ्याच एसएसडी मोकळ्या जागेचाच वेगवान कॅशसारखा वापर करतात, तोही आक्रसतो.

१५ ते २० टक्के जागा रिकामी ठेवा. ६४ जीबीच्या चिपमध्ये हाती येतात ५८-५९ जीबी, म्हणजे निदान ९ जीबी मोकळे हवेत. 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' या वाटेने जा. मोठ्या अपडेटनंतर सर्वांत जास्त जागा 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' आणि 'विंडोज अपडेट क्लीनअप' यांनी अडवलेली असते. मात्र त्याच यादीत 'डाउनलोड्स'ही असते! तिच्यासमोर टिक राहिली तर तुमच्या स्वतःच्या फाइल्स जातात.

विंडोजच्या फोल्डरमधले 'विनएसएक्सएस' अवाढव्य दिसते म्हणून हाताने पुसायला जाऊ नका. त्यातल्या कित्येक फाइल्स दुसऱ्या फोल्डरांशी जोडलेल्या असून दोनदा मोजल्या जातात. ते पुसले तर पुढची अपडेट अडकतात, कधी विंडोजच उठत नाही.

मायक्रोएसडी कार्ड घालून जागा वाढवणे चांगले, पण त्यावर फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे ठेवा, प्रोग्रॅम नकोत. ए१ खुणेच्या कार्डाकडून सेकंदाला किमान १,५०० यादृच्छिक वाचने आणि ५०० लेखने अपेक्षित असतात. साठवणीला तेवढे पुरते, प्रोग्रॅम चालवायला तोकडे पडते.

एसएसडीवर डीफ्रॅग, किंवा त्याच्या धास्तीने सगळेच बंद

एसएसडी डीफ्रॅग करू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण त्या धास्तीने विंडोजचे साप्ताहिक 'ऑप्टिमायझेशन'ही बंद करणारे कमी नाहीत, आणि ही चूक जास्त महागात पडते. विंडोज ८ पासून हे 'ऑप्टिमाइझ' बटण एसएसडी ओळखते आणि तिला ट्रिमचा संदेश पाठवते, म्हणजे कोणत्या जागेवरचा मजकूर तुम्ही पुसला आहे ते कंट्रोलरला सांगते. हा संदेश मिळाला नाही तर पुसलेल्या फाइल्सही कंट्रोलर जिवापाड सांभाळत बसतो. वेळापत्रक चालू ठेवा. बाहेरचे डीफ्रॅग सॉफ्टवेअर असेल तर ते काढा. लिनक्सवर हेच काम 'एफएसट्रिम'चा साप्ताहिक टायमर करतो. तो चालू आहे का ते एकदा तपासा.

रॅमचा दोष डिस्कच्या माथी मारणे

४ जीबी रॅम, ब्राउझरचे पंधरा टॅब, वर व्हिडिओ कॉल. रॅम पुरत नाही, विंडोज तिच्यातला काही मजकूर पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव फाइलमध्ये, टाकते आणि पुन्हा वाचते. डिस्क धापा टाकते, पण मूळ दुखणे रॅमचे. 'रिसोर्स मॉनिटर'मध्ये मेमरीच्या टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स' (रॅममध्ये नसलेला मजकूर डिस्कवरून आणावा लागला त्या वेळा) पाहा. काम चालू असताना ते सेकंदाला शेकड्यांत टिकून राहत असतील आणि वापरातली मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर निदान झाले. स्टार्टअपमधले प्रोग्रॅम कमी करा, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, रॅमचा स्लॉट असेल तर रॅम वाढवा. पेजफाइल बंद करण्याचा सल्ला मात्र ऐकू नका: डिस्क शांत होईल आणि प्रोग्रॅम न सांगता बंद पडू लागतील.

मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर 'चेकडिस्क' सोडणे

हार्ड डिस्क अचानक मंद झाली, फोल्डर उघडताना लॅपटॉप गोठतो, आतून टकटक येते. अशा वेळी काहीही करण्याआधी डेटा दुसरीकडे काढा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांच्या) ओळींचे 'रॉ' आकडे पाहा. ते शून्याहून मोठे आणि वाढते असतील तर डिस्क बदलायची. 'चेकडिस्क' या विंडोजच्या डिस्क तपासणी आदेशाचा 'आर' पर्याय प्रत्येक सेक्टर वाचतो. निरोगी डिस्कवर हे नुसते वेळखाऊ, आजारी डिस्कवर तो शेवटचा धक्का ठरू शकतो. फक्त सी७चा (केबलमधल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर आधी केबल किंवा कनेक्टर नीट बसवून पाहा.

याच्या उलट, डिव्हाइस मॅनेजरमधली 'राइट-कॅश बफर फ्लशिंग' (तात्पुरत्या मेमरीतले लेखन डिस्कवर लगेच उतरवणे) बंद करण्याची टिक ठणठणीत डिस्कलाही गोत्यात आणते. चाचणीत आकडे सुरेख दिसतात, आणि थकलेल्या बॅटरीचा लॅपटॉप अचानक बंद पडला की फाइल सिस्टिम बिघडते. त्या पर्यायाला हात लावू नका.

एसएसडी घेताना आणि बसवताना

अडीच इंची जागा असेल तर प्रश्न फक्त जाडीचा. ७ मिमीची एसएसडी ९.५ मिमीच्या खणात पट्टी लावून बसते. एम.२ मध्ये (पट्टीसारख्या एसएसडीच्या स्लॉटमध्ये) गल्लत जास्त होते. २२४२ म्हणजे रुंदी २२ मिमी, लांबी ४२. २२८० म्हणजे लांबी ८०. आणि खाच जुळली म्हणून ड्राइव्ह चालेलच असे नाही: फक्त एनव्हीएमईची (नव्या, वेगवान पद्धतीची) जोडणी असलेल्या स्लॉटमध्ये साटा (जुन्या पद्धतीची) ड्राइव्ह बसते, पण दिसत नाही. सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय खरेदी नको. झाकण उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा करा.

जुनी डिस्क क्लोन केली, म्हणजे जशीच्या तशी एसएसडीवर उतरवली असेल, तर 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' (डिस्कचा विभाग कुठून सुरू होतो तो आकडा) पाहा. त्या आकड्याला ४,०९६ ने पूर्ण भाग जायला हवा. १०,४८,५७६ असेल तर ठीक. ३२,२५६ असेल तर विंडोज एक्सपीच्या काळातली मांडणी तशीच आली आहे, आणि एका लेखनासाठी ड्राइव्हला दोन पानांना हात लावावा लागतोय.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) साटा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर असेल तर तो एएचसीआय या नव्या पद्धतीवर न्या, पण थेट बदललात तर निळा पडदा येईल. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कवरच्या कुलुपाची) रिकव्हरी की हाताशी ठेवा. मग 'एमएसकॉन्फिग'मध्ये 'सेफ बूट'वर टिक करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज उघडा, टिक काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा.

ईएमएमसीच्या काही लॅपटॉपमध्ये एम.२चा स्लॉट रिकामा असतो. तिथे एसएसडी लावून नवे विंडोज टाकताना बूटची फाइल जुन्या ईएमएमसीवरच जाऊन बसू शकते, आणि पुढे कधी ती चिप फॉरमॅट केली की लॅपटॉप सुरूच होत नाही. बायोसमध्ये सोय असेल तर इन्स्टॉल करताना ईएमएमसी बंद ठेवा. नसेल तर आधी डेटा काढून घ्या आणि इन्स्टॉलरमध्येच तिचे सगळे पार्टिशन पुसून मग एसएसडी निवडा.