गेम बनवायला शिकताय? आधी लॅपटॉप, डेटा आणि मराठी अक्षरं तपासा

गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, निवडताना पहिला प्रश्न 'फुकट आहे का' हाच येतो, आणि तिथेच नवशिक्याची दिशा चुकते. शिकणाऱ्याला बहुतेक सगळीच इंजिनं आता फुकट मिळतात. युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाला २ लाख डॉलर कमाईपर्यंत फुकट आहे. अनरिअल एखाद्या गेमनं १० लाख डॉलर कमावले की त्यापुढच्या कमाईवर ५ टक्के घेतं. गेममेकर, गेम विकायचा नसेल तोवर, फुकट. शिरपूर किंवा चाळीसगावच्या मुलाला यातला एकही आकडा अडवत नाही. अडवतो तो ४ जीबी रॅमचा, दादाकडून आलेला लॅपटॉप आणि हॉटस्पॉटवरचा रोजचा दीड जीबी डेटा.

म्हणून हिशोब तिथूनच सुरू करा. अँड्रॉइडचं मॉड्यूल धरून युनिटी १० जीबीच्या पुढे जागा खातं, अनरिअल त्याच्या कितीतरी पट. डाऊनलोड अर्ध्यावर असताना लाईट गेली की राऊटर बंद, आणि कधीकधी सगळं पहिल्यापासून. गोडो हे इंजिन मात्र १०० एमबीच्या आसपासच्या झिपमध्ये येतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, पेन ड्राईव्हवरूनही चालतं. परवाना एमआयटीचा, म्हणजे कमाई कितीही झाली तरी कुणाला काही द्यायचं नाही आणि उद्या कंपनीनं अटी बदलल्या ही भीती नाही. ही भीती पोकळ नाही. युनिटीनं सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं आणि वर्षभरानं ते मागे घेतलं.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: रॅम ८ जीबीपेक्षा कमी असेल तर गोडो ४ घ्या. त्यातही साधी आवृत्ती घ्या, डॉटनेटची नको. ती सी-शार्प या प्रोग्रामिंग भाषेसाठी आहे. गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनसारखी वाचता येते, अकरावी-बारावीत पायथन केलेल्याला दोन दिवसांत हात बसतो.

नवा प्रोजेक्ट उघडताना रेंडरर (पडद्यावर चित्र उमटवणारा भाग) विचारतात, तिथे 'कम्पॅटिबिलिटी' निवडा. पहिला पर्याय 'फॉरवर्ड प्लस' व्हल्कनसारख्या नव्या ग्राफिक्स यंत्रणेवर चालतो, आणि चौथ्या-पाचव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरवर विंडोजमध्ये व्हल्कन चालत नाही. मग कधीकधी एरर येते नाहीतर खिडकी काळी पडते, आणि पोरं समजतात की लॅपटॉपच गेला. कम्पॅटिबिलिटीनं जुन्या फोनवरही गेम हलका चालतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ कडे जातो तेव्हा लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपोआप मंद होतो. जड कामं पहाटे उरका, आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

आता ज्याबद्दल कुणी आधी सांगत नाही ते: मराठी अक्षरं. बटणावर 'किल्ला' लिहून बघा. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या भागात) पहिली वेलांटी 'क'च्या आधी यायची ती नंतर येते, 'ल्ला' फुटून पायमोड्या ल आणि ला असे सुटे दिसतात. कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटं मांडलं जातं, जोडाक्षराचे नियम लागत नाहीत. गोडो ३ मध्येही हीच अडचण होती. गोडो ४ मध्ये ती सुटली. तरी एक काम उरतं. गोडोच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर ते विंडोजचा फॉन्ट उसना घेतं म्हणून सगळं ठीक दिसतं, पण ब्राउझरमध्ये गेम टाकला की अक्षरांच्या जागी चौकोन. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे फुकट फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाका, आणि प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जीयूआय, मग थीम, तिथे कस्टम फॉन्ट म्हणून लावा. गेममधली वाक्यं कोडमध्ये न लिहिता वेगळ्या सीएसव्ही फाईलमध्ये (साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये) ठेवलीत तर पुढे अहिराणी आवृत्तीही त्याच गेममधून निघेल. अहिराणीत बोलणारा गेम निघावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

कोड अजिबात नको असेल तर जीडेव्हलप बघा. फुकट आहे, घटना आणि कृती जोडत जायच्या. त्याचा मजकूर ब्राउझरच्याच यंत्रणेतून उमटतो, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. फक्त 'बिटमॅप टेक्स्ट' (अक्षरांची तयार चित्रं लावणारा प्रकार) वापरू नका. पाचवी-सहावीच्या मुलांना स्क्रॅच (ठोकळे जोडून गेम बनवायचं साधन) पुरे.

चित्रांसाठी पिक्सेलोरामा किंवा क्रिटा, आवाजासाठी ऑडॅसिटी. केनी या साईटवरची चित्रं सीसी-झिरो, म्हणजे हक्क सोडून दिलेली आहेत, कुणाला विचारायची गरज नाही. गूगलवरून उचललेलं चित्र मात्र वापरू नका.

पहिला गेम एका पडद्याचा ठेवा: रावेरच्या मळ्यातून केळीचे घड ट्रकपर्यंत न्यायचे, ६० सेकंदांत १० घड. एवढ्यात हालचाल, टक्कर, गुण आणि वेळ, चारही येतात. व्हिडिओवरून शिकताना 'किनेमॅटिकबॉडी टूडी' हे नाव दिसलं की तो धडा गोडो ३ चा. ४ मध्ये ते 'कॅरेक्टरबॉडी टूडी' झालं, जुना कोड चालणार नाही.

गेम लॅपटॉपवर चालतो आणि फोनवर चित्र गायब, तर फाईलचं नाव तपासा. फाईल कॅपिटल के नं सुरू होते आणि कोडमध्ये स्मॉल के आहे, हे विंडोज चालवून घेतं, अँड्रॉइड नाही. सगळी नावं स्मॉलमध्येच ठेवा. मित्राला प्रोजेक्ट देताना 'डॉट गोडो' फोल्डर वगळा. ते आपोआप पुन्हा तयार होतं आणि कॉपी हलकी होते.

फोनसाठी एक्सपोर्ट करताना, म्हणजे फोनवर चालणारी फाईल बनवताना, पुन्हा डेटा लागतो: एक्सपोर्ट टेम्प्लेट एक जीबीच्या आसपास, वर जेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके ही अँड्रॉइडसाठी लागणारी साधनं. तालुक्याच्या वायफायवर एकदाच उतरवून पेन ड्राईव्हमध्ये ठेवा. सहीची कीस्टोर फाईल (गेम तुमचाच असल्याची डिजिटल खूण) आणि तिचा पासवर्ड दोन जागी जपा.

गेम आधी इच डॉट आयओ या गेमच्या साईटवर टाका, तिथे खर्च नाही. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर लागतात. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून सुरू करा. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. १२ च नावं घेऊ नका, १६ घ्या. कुणीतरी मध्येच बाहेर पडतं आणि दिवस पुन्हा मोजावे लागतात.