गाठी कोणाच्या टर्मिनलवरून जातात? मालकी तपासायची रीत

हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगमधली कापसाची 170 किलोची गाठ कंटेनरमधून न्हावा शेव्याच्या बंदरात जाते तेव्हा शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीच्या कस्टम कागदावर, कोड दिसतो आयएनएनएसए1. तो बंदराचा. टर्मिनल त्यावरून कळत नाही, कारण बंदर सरकारी प्राधिकरणाचं असलं तरी धक्के करारावर वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत. टर्मिनलचं नाव फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवून देणाऱ्या एजंटला, विचारा.

नावावर मात्र जाऊ नका. ‘भारत मुंबई कंटेनर टर्मिनल्स’ सिंगापूरची पीएसए चालवते, आणि पीएसएची मालक टेमासेक ही तिथली सरकारी गुंतवणूक कंपनी, म्हणजे शेवटी सिंगापूर सरकार. ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’त डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचे 74 टक्के आणि आपल्या रेल्वे मंत्रालयाखालच्या कॉनकॉरचे 26. हीच कॉनकॉर नागपुरात कंटेनर डेपो चालवते.

आता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर टर्मिनल-कंपनी शोधा. मास्टर डेटा, म्हणजे कंपनीची मूळ माहिती, फुकट दिसतो, पण त्यात भागधारक नसतात. त्यासाठी 100 रुपये भरून वार्षिक विवरण, म्हणजे एमजीटी-7, उघडावं लागतं. त्यात बहुधा दुसरी कंपनी निघते, तिच्यामागे तिसरी. काटा पावतीच्या कोऱ्या पाठीवर शिडी काढा: तळाला टर्मिनल, वर एकेक मालक, बाजूला टक्के आणि देश. कंपनी परदेशी निघाली की आपलं पोर्टल संपलं. पुढे तिचा वार्षिक अहवाल चाळा.

इथे बहुतेकांची चूक होते ती गुणाकारात. टर्मिनलच्या 51 टक्क्यांच्या मालक कंपनीत कोणाचे 51 टक्के असतील तर टर्मिनलमध्ये त्याचा हिस्सा भरतो जेमतेम 26, ताबा मात्र पूर्ण त्याचाच. म्हणून प्रत्येक पायरीवर संचालक कोण नेमतो तेही लिहा.

शिडीच्या टोकाचा देश का बघायचा? बंदरांत 100 टक्के परकीय गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, म्हणजे आधी सरकारी मंजुरी न घेता, येऊ शकते. पण केंद्र सरकारच्या 17 एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 ने भारताला जमिनीवरून लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणूकदाराला सरकारी मंजुरी सक्तीची केली. अंतिम लाभार्थी, म्हणजे शिडीच्या टोकाचा खरा मालक, तिथला असेल तरीही. मधल्या पायरीवरचा मॉरिशसचा पत्ता बघून थांबलात तर तपासणी अर्धीच झाली.

थोडे टक्केही हलके घेऊ नका. हॅम्बुर्गच्या टोलेरॉर्ट टर्मिनलमध्ये चीनच्या कॉस्को या सरकारी जहाज कंपनीला 35 टक्के हवे होते, जर्मनीने 25 च्या आत रोखले.

आणि एमजीटी-7 वरची तारीख बघा. त्यात मार्चअखेरची स्थिती असते. त्यानंतर शेअर हलले असतील तर तुमची शिडी शिळी.