हरित पक्षाचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की खानदेशातल्या गावांत संध्याकाळी आठनंतर माणसांना दोन तास निवांत बसता येते. गावच्या वाचनालयात ओळीने तीन संध्याकाळी अभ्यासवर्ग घेण्यास हाच काळ सोयीचा आहे. विषय हरित राजकारणाचा असेल, तर जगभरातल्या सगळ्या हरित पक्षांची यादी न करता जर्मनीचा एकच पक्ष नीट उलगडावा. हा पक्ष आंदोलनातून जन्मला, संसदेत गेला आणि सत्तेतही बसला. त्यामुळे विचार आणि व्यवहार यांतले अंतर त्याच्या इतिहासात तपासता येते.

पहिल्यांदा असा वर्ग घेतला, तेव्हा मी फळ्यावर पक्षाची चार तत्त्वे लिहून सुरुवात केली आणि अर्ध्या तासात निम्मे श्रोते उठून गेले. तेव्हापासून मी सुरुवात जर्मनीतल्या व्हील या गावापासून करतो, आणि आपणही तसेच करावे. भिंतीवर युरोपचा नकाशा लावून ऱ्हाईन नदीच्या काठचा, फ्रान्सच्या सीमेलगतचा द्राक्षबागांचा पट्टा दाखवावा. तेथे १९७०च्या दशकात अणुवीज प्रकल्प उभारण्याचे ठरले. प्रकल्पाच्या शीतमनोऱ्यांतून निघणाऱ्या वाफेमुळे ऊन कमी होईल आणि द्राक्षे हातची जातील, ही तेथल्या बागायतदारांची धास्ती होती. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला ती समजावून सांगावी लागत नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये लोकांनी प्रकल्पाची जंगलातली जागा ताब्यात घेतली, पोलिसांनी त्यांना हुसकले, आणि काही दिवसांतच हजारोंच्या जमावाने ती पुन्हा ताब्यात घेतली. त्याच जंगलात त्यांनी लोकशाळा चालवली, जिथे अणुशक्तीपासून स्थानिक इतिहासापर्यंतच्या विषयांवर व्याख्याने होत. नदीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे जर्मनीत आणि फ्रान्समध्ये, अलेमानिक बोली चालत असे. सीमेपलीकडचे लोक तिच्यामुळेही जवळ आले. अहिराणी बोलणाऱ्या श्रोत्यांसमोर हा मुद्दा आवर्जून मांडावा, आणि शक्य असेल तर अहिराणीतूनच मांडावा. शेवटी तो प्रकल्प उभा राहिलाच नाही.

या कथेतला एक अवघड तपशील मात्र वगळू नये. जानेवारी १९७५ मध्ये व्हीलच्या ग्रामस्थांनी मतदान घेतले होते आणि सुमारे ५५ टक्के मते जमीन विकण्याच्या बाजूने पडली होती. विरोधाचा मोठा जोर शेजारच्या गावांतून आला. मग लोकांची इच्छा म्हणजे नेमकी कोणाची इच्छा? हा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवून आपण गप्प राहावे. मी पाहिलेली सर्वांत मोकळी चर्चा याच प्रश्नावर झालेली आहे.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पेडर सरोवर जलविद्युत प्रकल्पाखाली बुडणार होते, तेव्हा १९७२ मध्ये तेथे निवडणूक लढवणारा गट उभा राहिला, आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये व्हॅल्यूज पार्टी हा पर्यावरणवादी पक्ष निघाला, एवढे पहिल्याच दिवशी ओझरते सांगावे. नंदुरबार जिल्ह्यात वर्ग असेल तर येथे थोडे थांबावे लागेल. सरदार सरोवराखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. त्यांतल्या मणिबेलीचे नाव घेतले की बुडणारे सरोवर ही दूरची गोष्ट राहत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी विचारसरणी घ्यावी. १३ जानेवारी १९८० रोजी कार्ल्सरूह येथे पक्षाची स्थापना झाली, आणि त्याचे चार आधार ठरले: पर्यावरणनिष्ठा, सामाजिक न्याय, तळातून चालणारी लोकशाही आणि अहिंसा. ही चारही तत्त्वे एकमेकांना बांधलेली आहेत, हे समजावण्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण झाडे लावणारा पक्ष म्हणजे हरित पक्ष हा समज इथेच दूर करायचा असतो. स्थापनेच्या वेळी हर्बर्ट ग्रूल यांच्यासारखे पुराणमतवादी पक्षातून आलेले नेतेही सोबत होते. निसर्ग वाचवला पाहिजे यावर त्यांचे एकमत होते, पण समाज कसा असावा यावर नव्हते. ग्रूल लवकरच बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा पक्ष काढला.

तळातल्या लोकशाहीसाठी पांझरा खोऱ्यातल्या फड पद्धतीइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी पाटकऱ्याने वाटायचे, हा कारभार शेतकरी स्वतः चालवत आले. पक्षाने हाच हेतू नियमांत उतरवण्याचा प्रयत्न केला. खासदाराने मुदतीच्या मध्यावर जागा सोडून पुढच्याला द्यावी असा नियम होता, आणि पक्षाचे पद व संसदेची जागा एका व्यक्तीकडे नसावी असाही. निम्म्या जागा स्त्रियांना देण्याचा नियम १९८६ मध्ये आला आणि तो टिकला. जागा सोडण्याचा नियम मात्र टिकला नाही, कारण काम शिकण्याआधीच माणूस बदलत होता. अहिंसेबद्दल बोलताना पक्षाच्या एक संस्थापक पेट्रा केली यांचा उल्लेख करावा. त्यांच्यावर गांधीजींचा प्रभाव होता. १९८२ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, आणि तोच पुरस्कार १९९१ मध्ये नर्मदा बचाओ आंदोलनालाही मिळाला. मात्र जर्मन हरितांनी सगळे आपल्याकडूनच घेतले, असा सूर लागू देऊ नये. त्याने अभ्यास थांबतो.

तिसरी संध्याकाळ सत्तेची. सुरुवात एका हिशेबाने करावी. १९८३ मध्ये या पक्षाला ५.६ टक्के मते मिळाली आणि २८ खासदार निवडून आले, कारण तेथे पाच टक्क्यांचा उंबरठा ओलांडला की मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्या पद्धतीत तेवढीच मते राज्यभर विखुरलेली असती तर काय झाले असते, हे श्रोत्यांना कागदावर मांडू द्यावे. भारतात मोठी पर्यावरण आंदोलने झाली तरी मोठा हरित पक्ष का उभा राहिला नाही, याचे एक कारण त्यांना स्वतःलाच सापडते. १९९० मध्ये देश पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाच्या चर्चेत असताना पक्षाने हवामानाचा विषय पुढे केला आणि पश्चिम जर्मनीत तो ४.८ टक्क्यांवर अडकून संसदेबाहेर गेला. १९९३ मध्ये पूर्वेकडच्या लोकशाही चळवळींच्या आघाडीशी त्याचे विलीनीकरण झाले.

पक्षात दोन प्रवाह होते: तत्त्वांना मुरड घालू नये म्हणणारे आणि सत्तेत जाऊन जमेल तेवढे करावे म्हणणारे. दुसऱ्या प्रवाहाचे योश्का फिशर १९८५ मध्ये हेसे राज्यात पर्यावरणमंत्री झाले आणि १९९८ मध्ये देशाचे परराष्ट्रमंत्री. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियाच्या कोसोव्हो प्रांतावरून झालेल्या युद्धात जर्मन विमाने उतरली. बीलेफेल्ड येथील अधिवेशनात फिशर यांच्यावर लाल रंगाने भरलेली पिशवी फेकली गेली, त्यांच्या कानाचा पडदा फाटला, आणि तरीही बहुमत त्यांच्याच बाजूने गेले. अहिंसेचे तत्त्व मानणारा पक्ष युद्धाला संमती देतो, हा भाग घाईने उरकणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. नरसंहार थांबवण्यासाठी शस्त्र उचलावे की नाही, यावर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद श्रोत्यांकडूनच मांडून घ्यावेत. २०२३ च्या आरंभी ल्युट्सेराट हे गाव कोळसा खाणीसाठी पाडले गेले, तेव्हा त्या तडजोडीत हरित मंत्री सामील होते. त्या भागातला कोळसा २०३० पर्यंत थांबवण्याच्या बदल्यात त्यांनी ती स्वीकारली होती. विस्थापितांच्या वसाहतीत हा वर्ग घेताना या प्रसंगाला पुरेसा वेळ राखून ठेवावा.

यशही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. २००० सालच्या कायद्याने सौर आणि पवनऊर्जेला वीस वर्षे ठरलेला दर मिळाला, त्यामुळे शेतकरी आणि सहकारी संस्थाही वीज उत्पादक झाल्या. आणि १५ एप्रिल २०२३ रोजी जर्मनीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. येथे साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि भुसावळजवळचे दीपनगर औष्णिक केंद्र यांकडे वळावे. पवनचक्की कोणाच्या मालकीची, ती ज्या जमिनीवर उभी आहे ती कोणाची, राख कोणाच्या शेतावर पडते, आणि औष्णिक केंद्र बंद झाले तर तेथल्या कामगाराने काय करावे, हे प्रश्न चार तत्त्वांच्या शेजारी लिहावेत. त्यांची उत्तरे आपण देऊ नयेत, आणि स्थानिक पुढाऱ्यांची नावे चर्चेत येऊ लागली तर विषय पुन्हा तत्त्वांकडे आणावा, कारण निवडणुकीचा वाद एकदा सुरू झाला की अभ्यास मागे पडतो. उठण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत एक प्रश्न लिहावा, वही वाचनालयातच ठेवावी, आणि पुढच्या हिवाळ्यातला वर्ग त्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरू करावा.