मानसशास्त्राची दीर्घोत्तरे: शब्दन् शब्द पाठ न करता लक्षात कशी ठेवायची

चार पानांचे उत्तर शब्दन् शब्द पाठ करणे हा मानसशास्त्राच्या तयारीतला सर्वात महागडा मार्ग आहे. एक वाक्य निसटले की पुढची सगळी साखळी अडते. आणि प्रश्न थोडा फिरवून आला, म्हणजे ‘विस्मरणाची कारणे स्पष्ट करा’ऐवजी ‘व्यत्ययामुळे होणारे विस्मरण उदाहरणासह सांगा’ असा आला, तर पाठ केलेले उत्तर त्याला बसतच नाही. विद्यार्थी तरीही तेच उतरवून येतात.

खाली दिलेल्या पद्धतीत पाठ करायचा तो फक्त उत्तराचा सांगाडा: मुद्दे, संज्ञा, नाव, साल, निष्कर्ष. वाक्ये परीक्षेच्या वेळी स्वतः घडवायची. बारावी कला शाखेच्या मंडळाच्या परीक्षेला बसणाऱ्यांना आणि नागपूर विद्यापीठात बीएला मानसशास्त्र घेतलेल्यांना ती सारखीच उपयोगी आहे. फक्त प्रश्नपत्रिकेचे स्वरूप आपापल्या अभ्यासक्रमाप्रमाणे पाहून घ्या.

पायरी 1: कोणती उत्तरे तयार करायची ते ठरवा

मागच्या पाच परीक्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. वहीच्या एका पानावर डावीकडे प्रकरणांची नावे आणि वर पाच सत्रे लिहून तक्ता आखा. प्रत्येक चौकटीत त्या प्रकरणावर काय आले होते ते थोडक्यात भरा: दीर्घोत्तर, टीप की फरक. तासाभरात तक्ता तयार होतो आणि कोणता विषय कोणत्या रूपात विचारला जातो ते समोर दिसते.

या तक्त्यावरून 24 विषय निवडा. ‘हे मागच्या वर्षी आले, आता येणार नाही’ या हिशेबाने प्रकरणे गाळू नका. मानसशास्त्रात तोच मजकूर यंदा दीर्घोत्तरात आणि पुढच्या वर्षी टीपेत येऊ शकतो, आणि एक चांगला सांगाडा दोन्हीकडे चालतो.

पायरी 2: प्रत्येक विषयाचा सांगाडा एका कार्डावर उतरवा

ए-फोर कागद मधोमध कापा. एक तुकडा म्हणजे एक कार्ड. वर प्रश्न, मागच्या बाजूला सांगाडा. पाच ते सहा मुद्दे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे तीनच गोष्टी: विधान, पुरावा, उदाहरण. पूर्ण वाक्य लिहायचे नाही. सगळे मिळून 50 शब्दांच्या आत बसले पाहिजे. बसत नसेल तर तुम्ही उत्तरच लिहायला लागला आहात.

संज्ञा मात्र पाठ्यपुस्तकातल्याच ठेवा. पुस्तकात ‘अभिजात अभिसंधान’ (क्लासिकल कंडिशनिंग) असेल आणि गाईडमध्ये दुसरा शब्द असेल, तर पुस्तकातला घ्या आणि सगळ्या कार्डांवर तोच वापरा.

‘विस्मरणाची कारणे’ हे कार्ड असे तयार होईल (इथे समजावे म्हणून वाक्ये दिली आहेत, कार्डावर त्यांतले मुख्य शब्द तेवढे घ्या):

1. ऱ्हास. काळ लोटतो तसा स्मृतीचा ठसा फिकट होतो. एबिंगहॉस, 1885, निरर्थक शब्दावयव.
2. व्यत्यय. जुने नव्याला किंवा नवे जुन्याला अडवते. जेन्किन्स आणि डॅलेनबाख, 1924: शिकल्यानंतर झोपलेल्यांना जागे राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवले.
3. संकेतांचा अभाव. साठा आहे, पण पोहोचता येत नाही. गॉडन आणि बॅडली, 1975: पाणबुड्यांनी पाण्याखाली शिकलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले.
4. संकेतनच झाले नाही. लक्ष नव्हते, म्हणून साठलेच नाही. दहाच्या नव्या नोटेच्या मागे कोणते चित्र आहे? नोट रोज हातात असते, पण कोणार्कचे सूर्यमंदिर पटकन आठवत नाही.
5. दमन. क्लेशदायक आठवण नेणिवेत ढकलली जाते. फ्रॉइड.

पुरावा लिहिताना तो काय सिद्ध करतो आणि काय करत नाही हे समजून घ्या, कारण गुणांतला फरक इथेच पडतो. एबिंगहॉसच्या प्रयोगातला 20 मिनिटांनंतरचा 58 टक्के आणि एका दिवसानंतरचा सुमारे 34 टक्के हा आकडा ‘इतके आठवले’ असा सर्रास लिहिला जातो. ती खरे तर ‘बचत’ आहे: तीच यादी पुन्हा शिकताना पहिल्या वेळेच्या तुलनेत किती श्रम वाचले ते. शिवाय त्याच्या प्रयोगात प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती, तो स्वतः एकटाच होता. ही मर्यादा एका ओळीत लिहिली तरी उत्तर वाचून समजून लिहिले आहे हे तपासणाऱ्याला कळते. तसेच मिलग्रॅमच्या आज्ञापालनावरच्या 1963च्या अभ्यासात 40 पुरुषांपैकी 26 जण, म्हणजे 65 टक्के, सांगितल्यावरून दुसऱ्याला 450 व्होल्टपर्यंतचे विजेचे धक्के देत गेले. 65 हा टक्का आहे, माणसे नव्हेत. आणि ते धक्के खरे नव्हते. ही दोन वाक्ये चुकली तर बाकीचे वर्णन कितीही रंगले तरी उपयोग नाही.

पायरी 3: मुद्द्यांचा क्रम ओळखीच्या रस्त्यावर बसवा

पाच मुद्दे समजलेले असतात, तरी परीक्षेत चारच आठवतात. यावर सर्वात जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे स्थानपद्धती. ज्या रस्त्याने डोळे मिटून जाता येईल असा रस्ता घ्या आणि त्यावरच्या ठळक खुणांना एकेक मुद्दा अडकवा.

नागपुरातल्या बर्डीचा (सीताबर्डीचा) रस्ता यासाठी फार चांगला आहे, कारण खुणा एकमेकींसारख्या दिसत नाहीत. झाशी राणी चौक, व्हरायटी चौक, झिरो माईल, संविधान चौक, कस्तुरचंद पार्क. पाच जागा, पाच कारणे. झाशी राणी चौकातला पुतळा उन्हापावसाने झिजत चाललेला पाहा: ऱ्हास. व्हरायटी चौकात दोन बाजूंच्या गाड्या एकमेकींना अडवून उभ्या आहेत: व्यत्यय. झिरो माईलच्या खांबावरची गावांची नावे आणि अंतरे पुसली गेली आहेत, गावे जागेवर आहेत पण वाट सांगणारे काही नाही: संकेतांचा अभाव. संविधान चौकातून कुणी मोबाईलमध्ये डोके घालून निघून गेला, त्याने काही पाहिलेच नाही: संकेतन नाही. कस्तुरचंद पार्कच्या मातीत कुणी पेटी पुरून टाकतो आहे: दमन.

चित्र जितके ठसठशीत आणि हालचालीचे, तितके ते टिकते. दोन चुका टाळा. एकाच रस्त्यावर एकाच आठवड्यात चार उत्तरे बसवू नका, चित्रे एकमेकांत मिसळतात; व्यत्यय म्हणतात तो हाच. शहरातल्या महाल किंवा इतवारी भागातल्या आपल्या गल्ल्या, घर, कॉलेजचा जिना असे पाच-सहा वेगळे मार्ग ठेवा. दुसरे, ही पद्धत फक्त पाच किंवा अधिक मुद्द्यांच्या उत्तरांना वापरा. तीन मुद्द्यांसाठी रस्ता बांधण्यात वेळ जातो.

पायरी 4: पुस्तक मिटून बाहेर काढा

सगळ्या तयारीचा गाभा ही पायरी आहे, आणि तीच सर्वात जास्त टाळली जाते, कारण ती करताना आपल्याला काही येत नाही असे वाटते.

कार्ड उलटे ठेवा. कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत सांगाडा लिहा. आठवले नाही तर लगेच कार्ड उलटू नका, किमान एक मिनिट थांबा. मग लाल पेनाने सुटलेले आणि चुकलेले भरा. पुढच्या वेळी फक्त लाल भागावर आधी नजर टाका आणि पुन्हा कोऱ्या कागदावर सगळे लिहा.

रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे देऊन हेच तपासले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. पुन्हा पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ओळख पटणे म्हणजेच येणे असा भास होतो. पेपरात समोर मजकूर नसतो. तिथे प्रत्याभिज्ञा (पाहून ओळखणे) नव्हे, प्रत्यावाहन (न बघता आठवणे) लागते. पिवळ्या पेनाने ओळी रंगवणेही याच भासात मोडते. डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात ओळी रंगवणे आणि नुसते पुनर्वाचन कमी उपयोगाचे ठरले, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या दोन पद्धती सर्वात वर होत्या.

पायरी 5: उजळणीत अंतर ठेवा

एक कार्ड केल्यानंतर त्याची चाचणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी घ्या. कार्डाच्या कोपऱ्यात या तारखा आधीच लिहून ठेवा, रोज ठरवत बसू नका.

हातात 30 दिवस असतील तर हिशेब असा. रोज दोन नवी कार्डे केली तर 24 कार्डे 12 दिवसांत होतात. सर्वात गर्दीच्या दिवशी सहा चाचण्या पडतात, दहा मिनिटांप्रमाणे एक तास, आणि दोन नवी कार्डे करायला सव्वा ते दीड तास. म्हणजे मानसशास्त्राला दिवसाला अडीच तास पुरेत. शेवटच्या कार्डाची पंधराव्या दिवसाची चाचणी 27व्या दिवशी येते आणि पूर्ण पेपर लिहून पाहायला तीन दिवस उरतात. हातात 15 दिवसच असतील तर कार्डे 12 करा, चाचण्या पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी घ्या.

एखादे कार्ड सातव्या दिवशी पूर्ण कोरे पडले तर घाबरू नका. ते पहिल्या दिवसापासून नव्याने सुरू करा. बहुधा कार्डावर शब्द जास्त झालेले असतात किंवा एखादा मुद्दा समजलेलाच नसतो. पुस्तकातली ती दोन पाने वाचून कार्ड नव्याने लिहा.

एकमेकांत मिसळणाऱ्या जोड्या

काही गोष्टी वेगवेगळ्या पाठ केल्या तर हमखास उलट होतात. त्यांची कार्डे शेजारी ठेवून एकत्रच तपासा.

ऋण प्रबलन आणि शिक्षा ही त्यातली सर्वात बदनाम जोडी. ऋण प्रबलनात नकोसे उद्दीपक दूर होते आणि वर्तन वाढते. शिक्षेत वर्तन कमी होते. वर्तन वाढले की घटले, एवढा एकच प्रश्न विचारा. हेल्मेट घातल्याने दंड टळतो म्हणून हेल्मेट घालणे वाढले: ऋण प्रबलन. दंड झाल्याने सिग्नल तोडणे कमी झाले: शिक्षा.

पूर्वलक्षी आणि अग्रलक्षी व्यत्ययात दिशा लक्षात ठेवा. नवा मोबाईल नंबर पाठ झाल्यावर जुना आठवत नाही तो पूर्वलक्षी. जुनाच नंबर तोंडात येतो आणि नवा अडतो तो अग्रलक्षी. सालांमध्ये मिलर 1956, अ‍ॅटकिन्सन आणि शिफ्रिन 1968, क्रेक आणि लॉकहार्ट 1972, बॅडली आणि हिच 1974 ही स्मृतीच्या प्रकरणातली रांग एका दमात म्हणता आली पाहिजे. पुढची प्रतिकृती (मॉडेल) आधीच्या प्रतिकृतीतली कोणती उणीव भरून काढते हे कळले की क्रम आपोआप बसतो.

पायरी 6: घड्याळ लावून लिहा

पेपर 80 गुणांचा आणि तीन तासांचा असेल तर प्रश्न वाचायला दहा आणि शेवटी तपासायला दहा मिनिटे बाजूला काढा. उरलेली 160 मिनिटे म्हणजे गुणाला बरोबर दोन मिनिटे. आठ गुणांच्या उत्तराला 16, पाच गुणांच्या टीपेला 10.

आता आपला लिहिण्याचा वेग मोजा. 15 मिनिटे सलग लिहून शब्द मोजा. मिनिटाला 15 शब्द होत असतील, तर 16 मिनिटांतली दोन सांगाड्याला देऊन 210 शब्द हातात येतात. पाच मुद्द्यांना 35 शब्द प्रत्येकी, आणि 35 व्याख्येला. यापेक्षा मोठे उत्तर पाठ करून नेले तर ते पुढच्या प्रश्नाचा वेळ खाते, आणि शेवटची टीप कोरी राहते.

प्रश्नातले क्रियापद अधोरेखित करा. ‘तुलना करा’ला एकेका निकषावर दोन्ही बाजू लागतात, एकानंतर एक अशा दोन टीपा चालत नाहीत. ‘चर्चा करा’ला मर्यादा हव्यात. ‘स्पष्ट करा’ला प्रत्येक मुद्द्याला उदाहरण हवेच.

उन्हाळी परीक्षेची तयारी

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा एप्रिल-मेमध्ये आल्या तर नागपूरचा पारा 40च्या वर असतो, 45लाही टेकतो. कोऱ्या कागदावरच्या चाचण्या सकाळी नऊच्या आत उरका. दुपारी कार्डे लिहिणे, तक्ता भरणे असे हलके काम ठेवा. कूलरच्या वाऱ्याने कार्डे उडतात, त्यांना मोठी क्लिप लावा. लिहिताना मनगटाखाली एक घडीचा कागद ठेवण्याची सवय करा, घामाने शाई पसरत नाही. आणि पेपरच्या आदल्या रात्री जागू नका: जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांचा निष्कर्ष फक्त उत्तरात लिहिण्यासाठी नाही.

पेपरात कोरे झाले तर

उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर ‘कच्चे काम’ लिहून रस्ता चालायला लागा, पहिल्या चौकापासून. दोन मिनिटांत काही येत नसेल तर अर्धे पान सोडून पुढचा प्रश्न घ्या; दुसरे उत्तर लिहिताना एखादी संज्ञा येते आणि तिच्या मागोमाग पहिलाही मुद्दा सापडतो. संशोधकाचे नाव आठवत नसेल तर ‘एका प्रयोगात’ म्हणून पद्धत आणि निष्कर्ष नीट लिहा. सालाची खात्री नसेल तर साल गाळा. चुकीचे साल तपासणाऱ्याच्या नजरेत भरते, गाळलेले साल बहुधा भरत नाही. परत आल्यावर ते नाव सुचले तर सोडलेल्या जागेत लिहून, कच्च्या कामावर एक तिरपी रेघ मारून पेपर द्या.